लेकराच्या अंगावरच्या खुणा आणि मनातला ताण : विदर्भातल्या आई-वडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचेच्या दवाखान्यात येणाऱ्या लेकरांत काही अशी असतात की ट्यूब बदलते, साबण बदलतो, डॉक्टर बदलतात, पण खपल्या काही जात नाहीत. गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून सिव्हिलला खेटे घालून आई-बाप थकतात, आणि मग राग निघतो तो पोरावरच. त्या आई-बापांसाठी, आणि त्यांना पहिला सल्ला देणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई आणि शिक्षकांसाठी हे लिहिलं आहे. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत.

खाज ती खाज. तिचा मनाशी काय संबंध?

संबंध तीन तऱ्हांचा असतो. पहिल्या तऱ्हेत आजार त्वचेचाच असतो, पण ताणाने उसळतो. एक्झिमा, अंगावर पित्त उठणं, सोरायसिस, तळहातांना सारखा घाम सुटणं यांत हे दिसतं. परीक्षा तोंडावर आली, घरात भांडणं वाढली, सोयाबीन हातचं गेलं आणि बाप गप्प गप्प राहू लागला की खाज वाढते. दुसऱ्या तऱ्हेत त्वचा मुळात निरोगी असते, पण आतल्या अस्वस्थतेपायी मूल केस उपटतं, खपल्या काढतं, हात धूत राहतं किंवा स्वतःला जखमा करून घेतं. तिसरी तऱ्हा उलटी आहे. आधी कोड, मुरुम किंवा भाजल्याचे वण असतात आणि त्यापायी चिडवणं, लाज, शाळा बुडवणं, उदासी मागून येते.

एकाच लेकरात यातल्या दोन तऱ्हा सहज सापडतात. म्हणून उपचारही दोन्हीकडून करावे लागतात.

मनाचं आहे की त्वचेचं, हे घरी कसं ओळखायचं?

घरी ठरवू नका, आणि तपासणीआधी मनावर तर मुळीच ढकलू नका. आपल्या भागातले नेहमीचे आजार आधी पाहावे लागतात.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुळ्या आणि घरात आणखी कुणाला तरी तीच खाज, असं असेल तर ती बहुधा खरूज असते. पर्मेथ्रिनचं मलम डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सगळ्या घराने एकाच रात्री लावायचं, आठवड्या-दोन आठवड्यांनी परत लावायचं, आणि कपडे-गोधड्या गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायच्या. एकट्या लेकराला मलम लावलं की खरूज घरातच फिरत राहते. लेकराची झोप मोडते, ते चिडचिडं होतं आणि सगळे म्हणू लागतात, "याच्या डोक्यातच काहीतरी हाय."

फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. ज्या भागात कुष्ठरुग्णांसाठी वरोऱ्याचं आनंदवन आणि वर्ध्याजवळचं दत्तपूर उभं राहिलं, तिथे हा आजार कुणाला नवा नाही. पूर्व विदर्भात आजही रुग्ण सापडतात, मुलांतही. लेकराला चटका बसतो, काटा रुततो आणि ते रडत नाही, तर त्याला निगरगट्ट म्हणू नका. तिथली संवेदना गेलेली असू शकते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस भराभर गळून टक्कल पडू लागलं, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हा पाणी तपासलं गेलं, धान्य तपासलं गेलं, सेलेनियमचा संबंध शोधला गेला. असंच व्हायला हवं. आधी शरीर नीट पाहायचं.

मग मनाकडे बघायला लावणाऱ्या खुणा कोणत्या? हात पोचतो तिथेच जखमा आणि पाठीचा मधला भाग कोरा असणं. ताज्या, खपली धरलेल्या आणि जुन्या काळ्या पडलेल्या खुणा एकाच जागी दिसणं. अभ्यासाला बसलं, टीव्ही लागला किंवा झोपायची वेळ झाली की हात तिकडेच जाणं. आणि मलमाने बरं होऊन शाळा उघडली की पुन्हा सुरू होणं.

पोरीच्या डोक्यात टकलाचा चकता पडला. शेजारी म्हणतात चाई आहे.

असेल चाई, पण डोक्यातल्या टकलाची मुलांमध्ये तीन कारणं नेहमीची आहेत आणि तिन्हींचा उपचार वेगळा आहे.

चाईत चकता गोल, गुळगुळीत, चकचकीत असतो. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटल्याने ती होते. बिब्बा किंवा लसूण चोळून कातडी भाजून घेऊ नका.

दुसरं कारण म्हणजे डोक्यातली बुरशी. तिथे कोंड्यासारखे पापुद्रे, तुटके केस किंवा काळे ठिपके दिसतात, कधी मानेत गाठी येतात, कधी पू धरतो. त्याला पोटातून बुरशीचं औषध कित्येक आठवडे द्यावं लागतं. नुसत्या मलमाने भागत नाही.

तिसरं, उपटलेले केस. हा चकता वेडावाकडा असतो आणि पूर्ण गुळगुळीत नसतो. बोट फिरवलं की खुंट हाताला लागतात, कारण केस वेगवेगळ्या दिवशी उपटलेले आणि वेगवेगळ्या लांबीचे असतात. बहुतेकदा जागा टाळूची किंवा लिहित्या हाताच्या बाजूची असते. काही मुलं भुवया आणि पापण्याही उपटतात. या आजाराला ट्रायकोटिलोमॅनिया म्हणतात आणि तो बहुधा दहा ते तेरा वर्षांच्या सुमारास सुरू होतो. अगदी लहान, चार वर्षांच्या आतलं मूल झोपताना अंगठा चोखत केस ओढत असेल तर ती सवय बहुधा आपोआप सुटते. मोठ्या मुलीत मात्र वाट पाहत बसू नये.

अशी मुलगी विचारल्यावर "मी नाही उपटत" म्हणते. ते खोटं असेलच असं नाही. अर्धे केस तिच्या नकळत, पुस्तकात डोकं असताना उपटले जातात. बाकीचे ती जाणूनबुजून उपटते, कारण उपटेपर्यंत आत एक ताण चढत जातो आणि केस हातात आला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. त्यानंतर लाज येते. रुमाल बांधणं, बाजूने भांग काढणं, लग्नाकार्याला जायला नकार देणं हे त्या लाजेतून येतं.

उपटलेले केस ती तोंडात घालते. त्याने काही होतं का?

होतं, आणि हे जिवावर बेतू शकतं. केस पचत नाहीत. ते पोटात साठून गोळा बनतो आणि कधी त्याची शेपटी आतड्यात उतरते. वारंवार पोटदुखी, उलट्या, थोडं खाऊनच पोट भरणं, वजन उतरणं, पांढरी फटक पडणं, वरच्या पोटात टणक गोळा लागणं यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. मोठा गोळा ऑपरेशन करूनच काढावा लागतो. डॉक्टरांना "ही केस खाते" हे स्वतःहून सांगा. लाजेपायी हीच गोष्ट लपवली जाते आणि जंताच्या, पित्ताच्या गोळ्यांत महिने जातात.

नखं कुरतडणं, खपल्या काढणं, मुरुम फोडणं तर सगळीच पोरं करतात. आजार कधी म्हणायचं?

मूल थांबायचं म्हणतं आणि थांबू शकत नाही, जखमा पिकतात किंवा वण राहतात, रोजचा बराच वेळ त्यात जातो, किंवा त्यापायी शाळा-खेळ सुटतो, तेव्हा. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने 2013 साली कातडी खरडत राहण्याला स्वतंत्र आजार म्हणून यादीत घेतलं. त्याआधी जगभर अशा लोकांना "वाईट सवय" म्हणूनच वाटेला लावलं जात होतं.

ओठ चाटून चाटून तोंडाभोवती लाल-काळं कडं उमटलेलं मूलही पुष्कळदा दिसतं. तिथे साधं पेट्रोलियम जेली आणि थोडा धीर यांनी काम होतं.

मारलं, बोटांना मिरची लावली, टक्कल केलं. तरी सोडत नाही. मग करायचं काय?

मार आणि मिरची आधी बंद करा. ताण हेच ज्याचं इंधन आहे, ते मारल्याने वाढणारच. बरं झालेलं मूलही अपमान झाल्यावर परत उपटायला लागतं, आणि या वेळी चोरून.

यावर सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली पद्धत औषधाची नाही. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ ती शिकवतात. आधी मुलाने स्वतःच ओळखायचं की हात कधी, कुठे, कोणत्या वेळी जातो. वहीत दर वेळी एक रेघ मारली तरी पुरे. मग हात वर निघाल्याचं ध्यानात येताच त्याच हाताला दुसरं काम द्यायचं, जे करताना उपटणं शक्यच नाही. मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरणं हे सगळ्यांत सोपं. आणि घरातलं एक माणूस सोबतीला, जे टोकणार नाही, फक्त ठरलेली खूण करील आणि जमलं की शाबासकी देईल.

इथल्या एका आजीने नातीच्या हाती संध्याकाळी कापसाची बोंडं द्यायला सुरुवात केली. बोटांनी सरकी चाचपायची, रेशे ओढून सोडवायची, ओंजळभर झाली की बाजूला ठेवायची. केस ओढताना बोटांना जे हवं असतं, बरोबर तेच त्या बोंडात होतं. मुलीचा अभ्यास तोंडी चाले आणि हात बोंडात. आजीने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण समुपदेशक ज्याला पर्यायी कृती म्हणतात ती तिने अचूक हेरली. शेंगा सोलणं, सुतळीला गाठी मारून सोडणं, चिंध्यांचा चेंडू दाबणं हेही चालतं. ज्या बोटांनी खरडतो त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली की हात आपोआप लक्षात येतो. नखं बारीक कापलेली हवीत.

एन-असिटिलसिस्टीन नावाच्या गोळीबद्दल मोबाइलवर वाचून बरेच जण विचारतात. केस उपटणाऱ्या मोठ्या माणसांत तिचा उपयोग दिसला, पण मुलांवरच्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. स्वतःहून आणून देऊ नका.

मुलगा दिवसभर हात धुतो. हात फाटून रक्त येतं. आजी म्हणते, सोवळ्याचा आहे, चांगलंच आहे.

स्वच्छतेने माणूस निवांत होतो. हा मुलगा धुतल्यावरही निवांत होत नाही, हा फरक बघा. ठरावीक वेळा, ठरावीक क्रमाने धुणं, मध्ये कुणी बोललं तर परत पहिल्यापासून, दाराच्या कडीला कोपराने हात लावणं, "माझ्यामुळे आईला काही होईल का" असं पुन्हा पुन्हा विचारणं, ही मंत्रचळाची म्हणजे ओसीडीची लक्षणं आहेत. घरात विटाळ, शिवाशिव यांचं बोलणं फार असलं की हा आजार त्याच्याआड वर्षानुवर्षं लपतो. कोणीतरी हाताला खरजेचं मलम देतं, आणि मूल ते मलमही धुऊन टाकतं.

हाताला साबण कमी आणि खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली जास्त, हा त्वचेचा भाग. मनाच्या भागात मुलाला थोड्या थोड्या भीतीला सामोरं जायला आणि न धुता थांबायला शिकवतात. गरज पडली तर सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात. पहिल्या काही आठवड्यांत मूल जास्त अस्वस्थ झालं, मरणाचं बोलू लागलं तर लगेच कळवा, आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका. घरच्यांनी "हो, हात स्वच्छ आहेत" असं दहादा सांगत बसणंही हळूहळू कमी करावं लागतं. त्याने तेवढ्यापुरतं शांत वाटतं आणि आजाराला बळ मिळतं.

पोरीच्या अंगावर आपोआप ओरखडे, फुल्या, भाजल्यासारख्या रेघा उमटतात. गाव म्हणतं भानामती.

या प्रश्नाचं उत्तर मी सावकाश देणार आहे, कारण चुकीच्या उत्तराने पोरींचं आयुष्य गेलेलं आहे.

आधी साध्या गोष्टी. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा एक बारीक, काळा-केशरी किडा झोपेत अंगावर चिरडला गेला की सकाळी भाजल्यासारखी लांब रेघ दिसते. कोपराच्या घडीत तर समोरासमोर दोन सारख्या खुणा उमटतात. लिंबाचा रस अंगाला लागून ऊन बसलं की तपकिरी ओघळ उठतात. काही मुलांच्या कातडीवर नख नुसतं ओढलं तरी पाच मिनिटांत तिथे फुगीर रेघ येते आणि तासाभरात जाते. अशा कातडीवर कुणी बोटाने नाव लिहिलं तर ते नाव उमटलेलं दिसतं. हा अंगावर पित्त उठण्याचाच प्रकार आहे, गोळीने आटोक्यात राहतो.

हे नसेल, तर खुणेकडे नीट बघावं लागतं. नववीतल्या एका मुलीच्या डाव्या हातावर मी पाहिलेली खूण अशी होती : वरून रुंद, खाली निमुळती, ओघळ गेल्यासारखी, कडा सुरीने कापल्यासारख्या ठळक, मध्ये काळपट आणि भोवतीची कातडी निखळ चांगली. शेजारी तशीच दुसरी. उजव्या हातावर एकही नाही. "काल संध्याकाळी काही नव्हतं, सकाळी होतं," एवढंच ती सांगत होती, मधलं काही नाही. आणि सांगताना चेहरा अगदी शांत, घरचे मात्र रडकुंडीला आलेले. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की अशी खूण उठते. रुईचा चीक, चुना, धुण्याचा सोडा, ठेचलेला लसूण यांनीही उठते. आपल्याकडे या वस्तू कुठल्या घरात नाहीत?

वैद्यकात याला डर्मटायटिस आर्टिफॅक्टा म्हणतात. हाताने केलेल्या या जखमा वयात येणाऱ्या मुलींमध्ये जास्त दिसतात. खात्री करायची एक साधी रीत आहे. जखमेवर हात पोचणार नाही अशी पक्की पट्टी बांधून ठेवली की खालची जखम गुमान भरून येते.

पण खात्री झाली म्हणून "बघा, हीच करते" असं चारचौघांत सांगणं हा घात आहे. पोरगी तोंडावर पडते आणि मग घरचे दवाखाना सोडतात, किंवा तिच्या जखमा आणखी खोल होतात. दवाखान्यात आम्ही तिला एकटीला बसवतो, जखमेवर औषध लावतो, आणि जखमेविषयी न विचारता घराविषयी, शाळेविषयी, झोपेविषयी विचारतो. बोलायला दोन-तीन भेटी लागतात. तेव्हा जे बाहेर येतं ते असं असतं : दहावीनंतर शिकायचंय, पण घरात सोयरीक ठरली आहे. बापाची दारू. आईला बाळंतपणापासून लागलेली उदासी आणि सगळं घर या पोरीच्या अंगावर. कधी कुणा नात्यातल्याच माणसाचा हात. जे तोंडाने सांगायची सोय घरात नाही, ते अंगावर उमटतं आणि मग निदान सगळे तिच्याकडे बघतात.

मांत्रिकाकडे नेऊ नका. मिरचीची धुरी देणं, साखळीने बांधणं, चटके देणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि भानामतीसाठी गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीवर बोट दाखवलं जातं, तेव्हा दुसरं एक आयुष्य पणाला लागतं. देवाला नवस बोलायचा असेल तर बोला. त्याने कुणाचं बिघडत नाही, दवाखान्याची तारीख चुकवू नका म्हणजे झालं.

म्हणजे पोरगी सोंग करते, असंच ना?

नाही. हाताने करणं आणि मुद्दाम फसवणं यांत फार अंतर आहे. पुष्कळ मुलींना ते करताना भान अर्धवट असतं, काहींना नंतर नीट आठवतही नाही. आणि भान असलं तरी, स्वतःची कातडी जाळून घ्यावीशी वाटण्याइतकं दुःख सोंगातून येत नाही. तिला शिक्षा नको, कुणीतरी ऐकणारं माणूस हवं.

मुलाच्या मनगटावर ब्लेडच्या समांतर रेघा आहेत. प्रेमप्रकरण असेल म्हणून दुर्लक्ष करू का?

दुर्लक्ष करू नका. अशा सगळ्याच मुलांना मरायचं असतं असं नाही. बऱ्याच जणांना आतली तगमग तेवढ्यापुरती थांबवायची असते. पण अशा मुलांत पुढे जिवाचा धोका जास्त असतो. "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मुलाला सांगायची वाट मिळते.

आणि आजच एक काम करा. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, तणनाशक घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. आपल्या भागात कोपऱ्यातला विषाचा डबा आणि रागाचा एक क्षण एकत्र येऊन किती लेकरं गेली, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुलाला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या फुकट नंबरवर फोन करा. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

अंगावरचे वण पाहून शिक्षकांना वाटतं की मारहाण झाली असावी. त्यांनी काय करावं?

पाठीवर, मांडीच्या मागे, जिथे मुलाचा हात पोचत नाही तिथल्या खुणा, पट्ट्याच्या किंवा दोरीच्या आकाराचे वळ, बिडीच्या चटक्यासारखे गोल डाग, आणि घरचं माणूस जवळ आलं की मुलाचं आकसणं या गोष्टी गंभीर आहेत. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, मग संशय नातेवाइकावर असो की आश्रमशाळेतल्या माणसावर. चौकशी स्वतः करत बसू नका आणि मुलाकडून तीच गोष्ट दहा जणांसमोर वदवून घेऊ नका.

कोड आलंय. पोरगी शाळेतच जायला तयार नाही.

कोड लागत नाही, ते कुष्ठरोगही नाही, आणि मासे-दूध एकत्र खाल्ल्याने होत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट होतात. लवकर उपचार केले तर मुलांत रंग परत यायची शक्यता चांगली असते.

पण पोरीला घरी बसवतो तो डाग नसतो, बेंच बदलणारी मैत्रीण असते. म्हणून डॉक्टरांकडून "हा आजार संसर्गजन्य नाही" अशी चिठ्ठी घ्या आणि मुख्याध्यापकांना भेटा. वर्गशिक्षिकेने एकदा सगळ्यांसमोर त्या मुलीच्या ताटाशेजारी बसून खिचडी खाल्ली तर अर्धं काम होतं. आणि घरात तिच्यासमोर "आता हिचं लग्न कसं व्हायचं" हे वाक्य उच्चारू नका. ते तिला पाठ होतं.

एक्झिमा आहे. रात्रभर खाजवतो, दिवसा अभ्यासात लक्ष नाही.

ज्याला झोप नाही त्याचं लक्ष कसं लागणार? एक्झिमा असलेल्या मुलांत चंचलता आणि चिंता इतर मुलांपेक्षा जास्त दिसते, आणि तुटलेली झोप हे त्यातलं एक मोठं कारण आहे. त्वचा आटोक्यात आली की पुष्कळ मुलं स्वभावानेही शांत होतात. अंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा जेली. मोहरीचं तेल नको. उन्हाळ्यात सुती कपडे, घाम आला की ओल्या फडक्याने टिपणं.

गावात मिळणाऱ्या "सगळ्यावर चालणाऱ्या" ट्यूबपासून मात्र सावध राहा. त्यात जोरकस स्टिरॉइड असतं. तीन दिवसांत खाज जाते, महिन्यांनी कातडी पातळ होते, पट्टे उठतात आणि नायटा असेल तर अंगभर पसरतो. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस वापरायला घाबरू नका. घात होतो तो चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबने.

आमचं मूल स्वमग्न (ऑटिझम असलेलं) आहे. हात चावून घट्टे पडलेत.

आधी दुखणं शोधा. दात, कान, बद्धकोष्ठता, जंत. ज्याला बोलता येत नाही ते मूल दुखलं की स्वतःला चावतं, आपटतं. दुखणं सापडलं नाही तर केव्हा चावतो याची नोंद ठेवा : गोंगाटात, भूक लागल्यावर, नको ते काम सांगितल्यावर. हवं-नको सांगायला चित्रं किंवा खुणा शिकवल्या की चावणं बरंच उतरतं.

मनाच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू केल्या आणि अंगावर पुरळ आलं.

कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन अशा काही औषधांनी पहिल्या आठवड्यांत गंभीर पुरळ येऊ शकतं. ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी दुखणं-सोलणं दिसलं तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या. व्हॅलप्रोएट या औषधाने केस विरळ होऊ शकतात. ते तातडीचं नसतं, पुढच्या तारखेला सांगा.

मानसोपचारवाल्याकडे नेलं तर गाव वेडा म्हणेल.

गाव काही दिवस बोलेल. त्या बोलण्यापायी लेकराचं वर्ष घालवायचं का, हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीला दोघांनीही या, आई आणि बाप. आईच एकटी आली की घरी परतल्यावर सगळा सल्ला वाऱ्यावर जातो. गोळ्यांची "सवय लागेल" ही भीतीही सगळ्यांना असते. या आजारांत मुलांना नेहमी दिली जाणारी औषधं नशेची नाहीत, आणि निम्म्याहून अधिक काम बोलण्याने, सवयी बदलण्याने होतं.

जायचं कुठे?

शाळेत, अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. तेच पुढे पाठवतात. जिल्हा रुग्णालयात त्वचारोग आणि मनोविकार अशा दोन्ही ओपीडी असतात. दोन्हीकडे एकाच दिवशी दाखवता येईल असा वार विचारून निघा, म्हणजे एसटीचा दुसरा खर्च आणि बुडालेली मजुरी वाचते. त्याहून मोठी सोय लागली तर नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्रामचं रुग्णालय, शिवाय अकोला आणि यवतमाळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घाला. मोबाइलमध्ये जखमांचे तारखेवार फोटो काढून ठेवा. आणि मुलाला आधी सांगा की डॉक्टर त्याच्याशी थोडा वेळ एकट्याने बोलतील. त्या वेळी बाहेर थांबा.

किती दिवसांत बरं होईल?

कातडी दोन-चार आठवड्यांत भरते. केस उपटण्याची, खरडण्याची ओढ कमी व्हायला महिने लागतात, आणि परीक्षेच्या, घरातल्या अडचणीच्या दिवसांत ती परत डोकावते. तेव्हा उपचार फसला असं धरू नका. वहीतल्या रेघा पुन्हा मोजायला घ्या, बोंडं पुन्हा हातात द्या आणि पुढची तारीख आठवडाभर अलीकडे मागून घ्या.